आवईचे माप



वसंतातल्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास असे प्रसन्न विषय घ्यावयाचे, ही आपली जुनी रीत. अणुभट्टीच्या अपघातानंतर उठणाऱ्या आवया हा विषय त्या पंक्तीत थोडा रुक्षच वाटेल. पण या आवया आपल्या घरात शिरतात त्या दुधाच्या पातेल्यातून, मिठाच्या बरणीतून, मासळीच्या टोपलीतून आणि अलीकडे खिशातल्या फोनमधून. घरात शिरलेल्या पाहुण्याची चौकशी करणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. तेव्हा आज ही चौकशी करू.

मुंबईला आवई नवी नाही. १८९६ साली या शहरात प्लेग आला. रुग्णांना बळाने उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. त्या रुग्णालयाला आज आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो, आणि वरळीहून ते काही फार लांब नाही. आत नेलेली माणसे बहुधा जिवंत परतत नसत. लगेच कंडी पिकली की, तेथे माणसांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजाराच्या आसपास गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण प्लेग खरा होता, मरणे खरी होती आणि सरकारची जबरदस्तीही खरी होती. आवईचा स्वभाव यावरून ध्यानात यावा. ती निव्वळ हवेतून उपजत नाही. खऱ्या संकटाच्या ओल्या जमिनीत, अविश्वासाचे खत मिळाले की ती तरारून वर येते. म्हणून आवई खोडून काढावयाची म्हणजे लोकांना मूर्ख म्हणावयाचे नव्हे. तिच्यातले खरे किती आणि खोटे किती, हे वेगळे करून दाखवावयाचे.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला, त्यामागून समुद्राची लाट आली आणि फुकुशिमा दाइइची येथील तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. किरणोत्सर्गी द्रव्ये हवेत आणि समुद्रात गेली. दोन-तीन दिवसांतच आशियाभर फोनवरून एक संदेश फिरू लागला. तो बीबीसीच्या नावावर होता. त्यात म्हटले होते की, आशियातील देशांनी सावध राहावे. पाऊस आला तर चोवीस तास घराबाहेर पडू नये. दारेखिडक्या लावून घ्याव्यात. आणि गळ्यावर बीटाडीन चोळावे, कारण किरणोत्सर्ग प्रथम गळ्यातील ग्रंथीला बाधतो. बीबीसीने असा काही संदेश पाठवलेला नव्हता, आणि तसे तिने जाहीरही केले. पण तोवर मनिलातल्या एका विद्यापीठाने वर्ग सोडून दिले होते. चीनमध्ये लोक मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावून उभे होते, कारण आयोडीनयुक्त मीठ खाल्ले की किरणोत्सर्ग बाधत नाही, अशी समजूत तेथे पसरली होती.

हा संदेश नीट पाहा. त्यातले एकेक वाक्य अर्धवट खरे आहे, आणि म्हणूनच तो इतका पसरला. पाऊस हवेतले किरणोत्सर्गी कण खाली आणतो, हे खरे. पण त्यासाठी ते कण पुरेशा प्रमाणात आपल्या डोक्यावर असावे लागतात. फुकुशिमापासून मुंबई साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर. शिवाय त्या अक्षांशांवरचे वरच्या थरातले वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जपानकडून पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेकडे. पृथ्वीप्रदक्षिणा करून काही कण उत्तर गोलार्धात सर्वत्र पोहोचले, आणि अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्रांनी ते पंधरवड्याच्या आत टिपलेही. पण टिपता येणे निराळे आणि बाधणे निराळे. ही यंत्रे इतकी तरल असतात की, बाधा होण्यापूर्वी हजारो पटींनी कमी असलेले द्रव्यसुद्धा त्यांना कळते. "सापडले" एवढाच शब्द ऐकून धाव ठोकू नये, ती याच कारणासाठी.

आता गळ्याची गोष्ट. आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी आहे आणि तिला आयोडीनची भूक असते, हेही खरे. भट्टीतून निसटलेले किरणोत्सर्गी आयोडीन श्वासावाटे किंवा दुधावाटे शरीरात गेले तर ही ग्रंथी ते साठवून ठेवते. ग्रंथीचे पोट साध्या आयोडीनने आधीच भरून ठेवले तर विषारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही. म्हणून अपघातस्थळाच्या जवळच्या लोकांना पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या देतात. मोठ्या माणसाची गोळी १३० मिलिग्रॅमची. तीत आयोडीन सुमारे १०० मिलिग्रॅम. ती संकटाच्या ऐन आधी किंवा नंतर काही तासांच्या आत घेतली तरच उपयोगी पडते. गळ्यावर बीटाडीन चोळून एवढे आयोडीन भरवशाने आत जात नाही, आणि ते पोटात घेणे तर सरळ धोक्याचे.

मिठाचा हिशेब तर घरच्या घरी करता येईल. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा दंडक आहे. त्या प्रमाणाने एका गोळीइतके आयोडीन मिळवण्यासाठी साडेसहा किलोंहून अधिक मीठ एका बैठकीत खावे लागेल. किरणोत्सर्गाचे पुढे काय व्हायचे ते होवो, त्याआधी मीठच जिवावर उठेल!

तर सारा प्रश्न शेवटी "किती" या एका शब्दाशी येऊन ठेपतो. श्रीखंडात किसलेले चिमूटभर जायफळ स्वाद आणते. तेच जायफळ अख्खे खाल्ले तर माणूस आजारी पडतो. म्हणून जायफळ विष की पदार्थ, असा वाद आपल्या स्वयंपाकघरात कोणी घालीत नाही. किरणोत्सर्गाच्या बाबतीत मात्र आपण हा व्यवहार विसरतो, कारण तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याचे माप घरात कोणाकडे नसते. ते माप आज ओळखीचे करून घेऊ.

मापे दोन आहेत. पहिले बेकरेल. एका सेकंदात एक अणू फुटला की एक बेकरेल. दुसरे सिव्हर्ट, त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट. दिवाळीत किती फटाके वाजले, हे बेकरेल सांगते. आपला हात किती भाजला, हे सिव्हर्ट सांगते. रस्त्याच्या टोकाला हजार लवंगी फुटल्या तरी हात भाजत नाही, आणि मुठीत एकच सुतळी बॉम्ब फुटला तरी पुरे होतो. आवई उठवणाऱ्याला बेकरेल फार आवडते, कारण ते माप अतिशय लहान असल्याने आकडा आपोआप मोठा होतो. एखाद्याचे कर्ज रुपयांऐवजी पैशांत सांगितले म्हणजे ऐकणारा दचकतो, तसाच हा प्रकार.

आणि आकड्याने दचकावयाचेच असेल तर प्रथम स्वतःपासून दचकावे लागेल. पोटॅशियम हे आपल्या स्नायूंना लागणारे द्रव्य. त्याचा एक लहानसा अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. प्रौढ माणसाच्या देहात केवळ या पोटॅशियमचे चार हजारांच्या आसपास अणू दर सेकंदाला फुटत असतात. एखाद्या सभामंडपात पाचशे माणसे बसली असतील तर त्यांच्या देहांत मिळून सेकंदाला वीस लाख! एका केळ्यात पंधराच्या आसपास बेकरेल असतात, आणि अणुभट्टी कधी न पाहिलेल्या म्हशीच्या लिटरभर दुधातही निसर्गाने घातलेले काही दशक बेकरेल असतात. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून आणि अन्नातून मिळून जगातल्या माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्टचा आहेर मिळतो. छातीच्या एका क्ष-किरण चित्राने ०.१ मिलिसिव्हर्टपर्यंत भर पडते. याच्या दुसऱ्या टोकाला, एकदम हजार मिलिसिव्हर्ट बसले तर माणूस आजारी पडतो, आणि चार-पाच हजार बसून उपचार न मिळाले तर निम्मी माणसे दगावतात. मधल्या पट्ट्यात कर्करोगाची शक्यता मात्रेच्या प्रमाणात वाढते. शंभर मिलिसिव्हर्टच्या खाली ती वाढ आकडेवारीत स्पष्टपणे दाखवता येत नाही. तरी थोडासाही धोका असेलच असे धरून चालावयाचे, असा नियम करणाऱ्यांचा सावध पवित्रा आहे. तो योग्यच आहे.

मापाबरोबर काळही लक्षात घ्यावा लागतो. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्य ठरावीक मुदतीत निम्मे होते. त्या मुदतीला अर्धायुष्य म्हणतात. अपघातातून निसटणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. आठ दिवसांत निम्मे, सोळा दिवसांत पाव, आणि ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा. सेसियम-१३७ मात्र चिवट. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. एक सावकार आठवड्यात निघून जातो, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या दाराशी बसतो. "किरणोत्सर्ग" असा एकच मोघम शब्द वापरणारा माणूस या दोघांतला भेद लपवतो.

हे माप हाती घेऊन आता दुधाकडे वळू, कारण या साऱ्या प्रकरणात खरे दुःख आणि खोटी भीती दुधातच एकत्र मिसळलेली आहेत.

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिलची भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात गावातली सुमारे ४९ हजार माणसे हलवण्यास दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रावरील यंत्रांनी २८ एप्रिलला किरणोत्सर्ग टिपला तेव्हा कोठे त्या रात्री मॉस्कोने चार ओळींचे निवेदन केले. १ मे रोजी कीव्ह शहरात मुलाबाळांसह मिरवणूक निघाली. त्याच दिवसांत आयोडीन गवतावर पडत होते, गवत गाईच्या पोटात जात होते, आणि दूध मुलांच्या पेल्यात येत होते. आठ दिवसांत निम्मे होणारे ते द्रव्य! महिना-दोन महिने ताजे दूध थांबवले असते आणि वेळीच गोळ्या दिल्या असत्या तर पुष्कळसे टळले असते. पोलंडने ते केले. २९ एप्रिलपासून तेथे एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजण्यात आले आणि लहानांना ताज्याऐवजी भुकटीचे दूध दिले. बेलारूस, युक्रेन आणि लगतच्या रशियात मात्र, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांत, २००५ सालापर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यांतले पुष्कळसे या दुधामुळे, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीचा निष्कर्ष आहे. हा कर्करोग बहुधा बरा होतो, त्यामुळे तोवर मृत्यू पंधराच झाले. पण प्रत्येक मुलाच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण राहिला. येथे आवई नव्हती. येथे मौन होते. अपायकारक दूध पाजले ते मौनाने.

याच अपघाताचा एक धागा वर्षभराने मुंबईपर्यंत आला. दुधाच्या महापूर योजनेत युरोपीय देशांकडून आपल्याला दुधाची भुकटी आणि लोणी देणगीदाखल मिळत असे. वरळीच्या सरकारी डेअरीसारख्या ठिकाणी भुकटी आणि स्निग्धांश मिसळून टोण्ड दूध तयार करणे, हा मुंबईच्या दूधपुरवठ्याचा नित्याचा भाग होता. १९८७ साली आयर्लंडहून आलेल्या लोण्याबद्दल शंका निघाली की, यात चेर्नोबिलची धूळ आहे. युरोपने नको असलेले आपल्या माथी मारले, अशी बोलवा झाली. काही मुंबईकर नागरिक हे प्रकरण घेऊन उच्च न्यायालयात गेले आणि तेथून ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

त्यांचा प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता. आमच्या मुलांच्या पानात काय येते आणि त्याची परीक्षा कोणी केली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही तो उडवून लावला नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी अन्नपदार्थांसाठी किरणोत्सर्गाच्या मर्यादा ठरवल्या होत्या. त्या मर्यादेतले दूध, दुधाचे पदार्थ व इतर अन्न माणसाला निर्धोक आहे काय, असा सरळ प्रश्न न्यायालयाने प्रा. एम. जी. के. मेनन, डॉ. पी. के. अय्यंगार आणि प्रा. गोविंद स्वरूप या तीन शास्त्रज्ञांच्या समितीला विचारला. समितीचे उत्तर आले की, निर्धोक आहे. १९८८ साली न्यायालयाने अर्ज निकालात काढला. अय्यंगार हे त्या वेळी भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. तेव्हा समितीत अणुखात्याबाहेरची माणसे अधिक असती तर बरे, असे कोणी म्हटले तर ते म्हणणेही ऐकून घेण्याजोगे आहे. पण उत्तराचा ताळा आपणही घालून पाहू शकतो, आणि तसा तो घालता येतो हेच शास्त्राचे वैशिष्ट्य.

पहिली गोष्ट, अपघाताला वर्ष उलटून गेल्यावर आयोडीनचा प्रश्नच उरला नव्हता. ते सारे विझून गेले होते. उरले सेसियम. आता ताक घुसळणाऱ्या गृहिणीला पटेल अशी गोष्ट सांगतो. सेसियम पाण्यात विरघळणारे आहे, चरबीत नव्हे. दुधात सेसियम असेल तर लोणी काढताना त्याचा मोठा भाग ताकात जातो, आणि तूप कढवल्यावर तर ते जवळजवळ उरतच नाही. म्हणजे ज्या पदार्थाची सर्वांत अधिक धास्ती घेतली, तो दुधाच्या पदार्थांत सर्वांत कमी शंकास्पद होता!

दुसरी गोष्ट हिशेबाची. युरोपीय देशांनी १९८६ साली दुधासाठी आणि बाळांच्या अन्नासाठी किलोमागे ३७० बेकरेल सेसियमची मर्यादा घातली होती. समजा, लोणी अगदी या मर्यादेला टेकलेले आहे आणि एखाद्या खवय्याने वर्षाला त्यातले दहा किलो खाल्ले. त्याच्या पोटात ३७०० बेकरेल गेले. एवढ्या सेसियमची शरीराला बसणारी मात्रा येते मिलिसिव्हर्टच्या विसाव्या भागाइतकी. म्हणजे निसर्ग वर्षाला जे देतो त्याच्या पन्नासावा हिस्सा, किंवा छातीच्या एका क्ष-किरण चित्राचा निम्मा. दहा किलो लोण्याने त्या खवय्याच्या हृदयाचे जे होईल, ते याहून पुष्कळ अधिक चिंतेचे!

चेर्नोबिलजवळचे ताजे दूध आणि मुंबईतले वर्षानंतरचे लोणी; नाव एक, अपघात एक, परंतु एकात खरा घात होता आणि दुसऱ्यात नव्हता. हा भेद भीतीला कळत नाही, धीर देणाऱ्या भाषणालाही कळत नाही. तो फक्त मापाला कळतो.

मुंबईतल्या लोण्याला निदान न्यायालयाचा दरवाजा तरी मिळाला. फुकुशिमानंतर जी चित्रे फिरली त्यांना तेवढाही विचार मिळाला नाही. पॅसिफिक महासागर लाल-जांभळ्या ज्वाळांनी भरलेला दाखवणारा एक नकाशा वर्षानुवर्षे हातोहात फिरला. खाली लिहिलेले असे की, हा पाहा समुद्रात पसरलेला किरणोत्सर्ग. वास्तविक तो नकाशा अमेरिकेच्या सागर-वातावरण खात्याने त्सुनामीच्या लाटांची उंची दाखवण्यासाठी काढलेला. रंगांचे माप सेंटिमीटरांत होते. आवई पसरवणाऱ्याने फक्त मापपट्टी दृष्टीआड केली आणि काम झाले! २०१५ साली जपानमधल्या नासुशिओबारा शहरातल्या जोडलेल्या डेझी फुलांचे चित्र असेच गाजले. फुलांचे देठ एकमेकांना चिकटल्यासारखे पसरट होण्याचा हा प्रकार जगातल्या कोणत्याही बागेत होतो. आपल्या दारातल्या कोंबड्याचा तुरा हा त्याच जातीचा विकार. फक्त तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला म्हणून आपण हौसेने लावतो.

मग २४ ऑगस्ट २०२३ रोजी फुकुशिमाच्या टाक्यांतले शुद्ध केलेले पाणी जपानने समुद्रात सोडण्यास प्रारंभ केला. पुन्हा मिठाच्या रांगा, पुन्हा मासे विषारी झाल्याची हाकाटी. वरळी कोळीवाड्यातल्या बाजारात पापलेट घेताना एखाद्याच्या मनात शंका आली तर तिला उत्तर असावे. त्या पाण्यातून बाकीची द्रव्ये गाळून मर्यादेखाली आणतात; गाळता न येणारे राहते ते ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच एक किरणोत्सर्गी भाऊ. समुद्रात सोडण्यापूर्वी ते पाणी लिटरला १५०० बेकरेलच्या खाली येईल इतके पातळ करतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ट्रिटियमची दिलेली पातळी लिटरला १०,००० बेकरेल आहे. आणि विश्वकिरणांमुळे वातावरणात दर वर्षी आपोआप तयार होणारे ट्रिटियम जपानने स्वतःला घालून घेतलेल्या वार्षिक मर्यादेच्या दोन हजार पटींहून अधिक आहे. अरबी समुद्रातल्या बोंबलाला याची खबरही लागावयाची नाही.

तरीही पूर्ण सत्य सांगितले पाहिजे. मे २०२३ मध्ये फुकुशिमा केंद्राच्या अगदी आतल्या बंदरात पकडलेल्या एका माशात किलोला १८,००० बेकरेल सेसियम निघाले. जपानची खाण्याची मर्यादा १०० ची आहे. तो मासा कोणी खाऊ नये हे उघडच आहे. तो विक्रीला जात नाही, त्याच्या बंदराच्या तोंडाशी जाळी लावलेली आहे. पण असा मासा सापडल्याचे केंद्राच्या चालकांनीच जाहीर केले, आणि जाहीर केले म्हणूनच बाकीच्या मोजमापांवर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. गैरसोयीचा आकडा सांगणाऱ्याचाच सोयीचा आकडा खरा मानावा.

कोणी म्हणेल, भीती थोडी अधिक बाळगली तर बिघडले काय? दूध एक दिवस टाकून दिले, मासळी आठवडाभर खाल्ली नाही. त्यात कोणाचे नुकसान? नुकसान होते, आणि ते प्राणांचे होते. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये मे महिन्यात अशी घबराट पसरली की, हव्याहव्याशा वाटणाऱ्या सुमारे अडीच हजार गर्भांचा पात झाला, असा तेथल्या वैद्यकीय संशोधकांचा अंदाज आहे. त्या आयांना मिळालेली मात्रा गर्भाला बाधण्याच्या पातळीच्या आसपासही नव्हती. फुकुशिमात अपघातानंतर दीड लाखांहून अधिक माणसांनी घरे सोडली. त्या जिल्ह्यात स्थलांतराच्या दगदगीने, औषधपाण्याच्या आबाळीने आणि खचलेल्या मनाने २३०० हून अधिक मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण अधिक. किरणोत्सर्गामुळे झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने २०१८ साली भरपाईस पात्र ठरवला तो एका कामगाराचा. रहिवाशांच्या प्रकृतीवर किरणोत्सर्गाचा थेट दुष्परिणाम झाल्याचे आढळत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने पुढे नमूद केले. जवळच्या गावांतून लोकांना हलवणे आवश्यकच होते; पण रुग्णाला कसे, केव्हा आणि कोठे न्यावयाचे याचा विचार भीतीने करू दिला नाही.

भीतीचा दुसरा तोटा असा की, ती चुकीच्या दाराशी पहारा करीत बसते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले एक जुने प्रयोगशाळेतले यंत्र लिलावातून आले. कोणालाच कल्पना नव्हती. ते फोडले, हाताळले. कित्येक जण आजारी पडले आणि एक जण दगावला. अणुभट्टी नाही, स्फोट नाही, आवईसुद्धा नाही! आपल्या शहरात भंगाराचा धंदा मोठा. तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखे चिन्ह असलेली पिवळी पाटी ज्या लोखंडी डब्यावर दिसेल त्याला हात लावू नये आणि पोलिसांना कळवावे, एवढे ज्ञान भंगारवाल्याच्या पोराला देणे, हे शंभर संदेश पुढे पाठवण्यापेक्षा मोलाचे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी असा संदेश हाती आला की त्याला चार प्रश्न विचारावे. द्रव्य कोणते? किती, आणि कोणत्या मापात? कोठे आणि केव्हा मोजले? कोणी मोजले, आणि दुसऱ्याला ते मोजून पाहता येईल काय? ज्या संदेशाला या चारही प्रश्नांवर उत्तर नाही तो पुढे पाठवू नये. मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरांवर तारापूरचे केंद्र १९६९ पासून आहे. तेव्हा खऱ्या प्रसंगी काय करावे, हेही ठाऊक असावे. जवळच्या भागात असाल तर घरात राहावे, खिडक्या लावाव्यात, अधिकृत सूचना ऐकाव्यात. गोळ्या सांगितल्या तरच आणि सांगितल्या तेवढ्याच घ्याव्यात. तपासणी होईपर्यंत त्या भागातले ताजे दूध, पालेभाजी आणि उघड्यावरचे पाणी टाळावे. बंद डब्यातले व पाकिटातले अन्न चालते. यात गळ्याला काही चोळावयाचे नाही आणि मिठाची पोती भरावयाची नाहीत.

हेच चार प्रश्न आपण सरकारला आणि अणुखात्यालाही विचारावयाचे आहेत. "काळजीचे कारण नाही" एवढेच म्हणणारे पत्रक ही देखील एक आवईच. फक्त तिने इस्त्रीचे कपडे घातलेले असतात. आकडा नसलेली भीती आणि आकडा नसलेला दिलासा या सख्ख्या बहिणी आहेत. चेर्नोबिलला दुसरीने घात केला, ग्रीसमध्ये पहिलीने. मोजमाप रोजच्या रोज, लोकांच्या भाषेत आणि गैरसोयीचे असले तरी प्रसिद्ध होत राहिले, तर आवईला उगवण्यास ओल मिळत नाही.

आणि हे माप मुलांच्या हाती लवकर द्यावे. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक आज शाळेच्या आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही. तो वर्गात आणावा आणि वाण्याकडे मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठाच्या पुड्याजवळ धरावा. त्या मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे यंत्राची टिकटिक वाढते. मुले प्रथम दचकतील, मग विचारतील, "किती?" हा प्रश्न ज्यांना लहानपणी सुचला, त्यांना पुढे कोणी सहजासहजी घाबरवू शकणार नाही आणि कोणी सहजासहजी गप्पही बसवू शकणार नाही.